कोकणातला कला-इतिहास आणि आमची संघटना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातल्या कलावस्तूंचा अभ्यास आणि नोंद करणाऱ्या आमच्या संघटनेला अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या लोकांनी पत्रानं, फोनवर, परिषदेच्या चहाच्या वेळी आणि देवळाच्या ओसरीवर विचारलेले हे प्रश्न आहेत. तेच तेच पुन्हा येऊ लागले म्हणून एकत्र लिहून काढले. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कला-इतिहास म्हणजे चित्रकलेचा इतिहासच ना? त्यात संघटनेचं काय काम?

चित्रकला हा त्यातला एक भाग. माणसानं कोरलेली, रंगवलेली, ओतलेली, विणलेली वस्तू कुणी केली, कुणासाठी केली, कशाची केली आणि पुढे तिचं काय झालं, हे पुराव्यानिशी शोधणं म्हणजे कला-इतिहास. कोकणात त्याचा पसारा सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या, कातळशिल्पांपासून (कातळात कोरलेल्या चित्रांपासून) सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी फळांपर्यंत जातो.

संघटना चार-पाच कामं करते. गावोगावच्या कलावस्तूंच्या नोंदी गोळा करून जपते, वर्षातून एकदा परिषद भरवते, लेख तपासून छापते, शाळा-महाविद्यालयांत व्याख्यानं देते आणि गरज पडली तर सरकारी कार्यालयांना लेखी कळवते. यातलं नोंदींचं काम सगळ्यांत कंटाळवाणं आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचंही तेच. परिषदेचा फोटो वर्तमानपत्रात येतो, नोंदवहीचा येत नाही.

२. मी प्राध्यापक नाही. सभासद होता येईल का?

येईल. आमच्याकडे कलाशिक्षक आहेत, मूर्तिकार आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, गुरवही आहेत. पदवी विचारली जात नाही. अट एकच : जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांना मतदानाचा हक्क आणि समितीवर जागा नाही. परिषदेला मात्र त्यांनी जरूर यावं.

३. पुरातत्त्व खातं आहे, इतिहास मंडळं आहेत. मग ही वेगळी चूल कशाला?

पुरातत्त्व खातं, केंद्राचं असो की राज्याचं, प्रामुख्यानं संरक्षित स्मारकं सांभाळतं. घारापुरीला त्याचा पहारा आहे. पण एखाद्या वाडीतल्या देवळाच्या कोरीव खांबांना, खोताच्या माजघरातल्या चित्राला किंवा बांधावरच्या वीरगळाला, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मृतिशिळेला, वाली कोण? इतिहास मंडळांचं ऋण मोठं आहे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीची मुळं १८०४ मध्ये आहेत, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं. पण त्यांच्या परंपरेत कागदपत्राला पहिला मान आहे. वस्तूकडेच कागदपत्र म्हणून पाहणारं वळण थोडं वेगळं.

बाहेरच्या देशांत अशा व्यावसायिक संघटना बऱ्याच जुन्या आहेत. अमेरिकेतली कॉलेज आर्ट असोसिएशन १९११ साली सुरू झाली आणि तिचं ‘द आर्ट बुलेटिन’ १९१३ पासून निघतं. ब्रिटनमधल्या कला-इतिहासकारांनी आपली संघटना १९७४ मध्ये काढली. वार्षिक परिषद, शोधपत्रिका, ग्रंथांना पुरस्कार, प्रकाशनाला अनुदान आणि व्यवसायातल्या आचारनियमांचे मसुदे, असा त्यांचा साधारण व्याप. यातले आचारनियम आम्हाला सर्वांत उपयोगी पडले (प्रश्न १० पाहा). बाकीचं त्यांच्या पैशानं होतं, आमच्या पैशानं होत नाही.

४. कातळशिल्पं नेमकी किती वर्षांपूर्वीची? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

कारण जांभ्यावर कोरलेल्या रेषेचं वय थेट मोजता येत नाही. कोळसा, हाड, लाकूड असं काही सेंद्रिय सापडलं तर कार्बनच्या पद्धतीनं काळ काढता येतो. इथे नुसता कातळ खणलेला आहे. म्हणून आसपासची दगडी हत्यारं, कोरण्याची पद्धत आणि कोरलेले प्राणी यांवरून अंदाज बांधावा लागतो. प्राण्यांचा पुरावा मोठा मजेशीर आहे. शार्क, पाकट, कासव ही आपल्या किनाऱ्याची मंडळी आहेतच. पण गेंडाही आहे, आणि कोकणात आज गेंडा नाही. कोरणाऱ्यानं तो पाहिला असेल तर तेव्हाचा सडा आजच्यासारखा उघडाबोडका नसणार.

राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी आहे. जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावत नाही, त्यामुळे तो कुणी, कुठून पाहावा म्हणून काढला, हा प्रश्न मला त्याच्या वयापेक्षा जास्त छळतो.

२०२२ मध्ये कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली : रत्नागिरी जिल्ह्यातली कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरूण आणि उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ. संभाव्य यादी म्हणजे जागतिक वारशाचा दर्जा नव्हे. ती रांगेतली पहिली पायरी आहे. गावात लागलेल्या काही फलकांवर ‘जागतिक वारसा’ असं आधीच रंगवून झालंय, तेवढं बदलावं.

५. शाळेची सहल सड्यावर न्यायची आहे. केव्हा न्यावी, काय काळजी घ्यावी?

पावसात चित्रांवर पाणी आणि गवत असतं. गवत वाळलं की, म्हणजे साधारण नोव्हेंबरनंतर, जावं. ऊन तिरपं असताना, सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर, रेषा उठून दिसतात. भर दुपारी सगळं सपाट वाटतं. चित्रावर पाय देऊ नये. फोटोत नीट यावं म्हणून खडू, रांगोळी, चुना भरू नये. मुलांना होकायंत्र घेऊन देवाचे गोठण्याला न्या : तिथल्या कातळावर काही जागी सुई भरकटते, आणि मग इतिहासाच्या तासाला विज्ञानही होऊन जातं. सडा बहुतेक ठिकाणी कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो, तेव्हा आधी मालकाला विचारावं.

६. आमच्या ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार ठरलाय. तुम्ही विरोध करणार का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो जरा रागानंच विचारला जातो. विरोध करत नाही. वाशांना वाळवी लागलेली, कौलं गळतात, पालखीच्या दिवशी वरून काय कोसळेल सांगता येत नाही, असं देऊळ गावकऱ्यांनी आहे तसंच राहू द्यावं, असं सांगायचा आम्हाला काही अधिकार नाही. पैसा बहुधा मुंबईच्या चाकरमान्यांकडून येतो, आणि देणगीदारांची नावं कोरायला ग्रॅनाइट बरं पडतं, हेही आम्ही जाणतो.

आमची विनंती क्रमाची आहे. काहीही उतरवण्याआधी नोंद करा. सभामंडपाचा प्रत्येक खांब, तुळई, छताची फळी यांचे चारही बाजूंनी फोटो, मापं, आणि कुठला खांब कुठे होता याचा नकाशा. लाकडावर खडूनं आकडे घाला; नंतर तेच खांब पुन्हा उभे करायचे म्हटलं तर सुताराला सोपं जातं. भिंतींवर चुन्याचे थर असतील तर खरवडण्यापूर्वी एका कोपऱ्यात हातभर जागा हळूच उघडून पाहा. तळकोकणात आणि गोव्यात देवळांच्या भिंतींवर काव, म्हणजे तांबडी माती, चुन्यात वापरून काढलेली नक्षी असते, आणि डिस्टेंपरच्या चार हातांखाली ती आहे की नाही हे वरून कळत नाही.

जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. जांभा पाणी पितो आणि सोडतो. सिमेंटनं ते आत कोंडतं, आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा फुगून दगडाचे पापुद्रे घेऊन गळतो. चुन्याचा गिलावा जास्त दिवस घेतो, गवंडीही शोधावा लागतो, पण भिंत वाचते. काळ्या पाषाणाच्या मूर्तींना ऑइल पेंट लावू नये. लाकडी कोरीव कामावर तर मुळीच नको : नक्षीच्या कडा रंगानं भरून जातात आणि रंग काढताना लाकूड सोलवटतं.

कागदपत्रांचं म्हणाल तर देऊळ संरक्षित स्मारक असेल तर खात्याच्या परवानगीशिवाय वीटही हलवता येत नाही. केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित, असा २०१० च्या दुरुस्तीनंतरचा नियम आहे. सिंधुदुर्गातली बरीच देवस्थानं कोल्हापूरच्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहेत, त्यांनी आधी तिथे विचारावं. बाकी नोंदणीकृत विश्वस्त संस्थांनी धर्मादाय कार्यालयातली आपली नोंद पाहावी; दागिने आणि मूर्ती तिथल्या यादीत आहेत की नाहीत, हे फार थोड्या विश्वस्तांना ठाऊक असतं.

आणि हो, उतरवलेले जुने खांब ‘लाकूडफाटा’ म्हणून विकू नका. घेणाऱ्याला ते काय आहेत ते बरोबर माहीत असतं.

७. भंगलेली मूर्ती पाण्यात सोडायची असते ना? मग तुम्ही ती ठेवायला का सांगता?

पूजेतून मूर्ती काढणं हा धर्माचा विषय. गावानं, मानकऱ्यांनी, कौल लावून तो ठरवावा. आमचं म्हणणं त्याच्या पुढचं. पूजेतून उतरवलेली मूर्ती देवळाच्या आवारातच पारावर किंवा बंदिस्त पडवीत ठेवण्याचीही रीत अनेक गावांत आहे, ती पाळता येत असेल तर पाळावी. विसर्जनच ठरलं तर आधी फोटो आणि मापं घ्या, कुठल्या डोहात सोडली ते लिहून ठेवा. भंगलेल्या मूर्तीचा घाट, अलंकार, हातातली आयुधं यांवरूनच बहुतेक वेळा देवळाचा खरा काळ लागतो, कारण देऊळ स्वतः तीनदा बदललेलं असतं.

८. विहीर खणताना मूर्ती किंवा नाणी सापडली तर?

खणणं थांबवा, वस्तू धुऊ-घासू नका, कोणत्या खोलीवर सापडली ते मोजा. जमिनीत दडलेल्या, दहा रुपयांहून जास्त मोलाच्या वस्तूची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, आणि त्यातले दहा रुपयेही १८७८ चेच आहेत. तहसील कार्यालयामार्फत खबर दिली तरी पोच घ्या. सापडलेल्या वस्तूला शेंदूर फासून तिथेच घुमटी बांधली की प्रकरण नाजूक होतं, तेव्हा पहिल्याच दिवशी कळवणं बरं.

९. आजोबांपासून घरात पितळी देव आणि जुनं चित्र आहे. ते घरी ठेवणं गुन्हा आहे का?

नाही. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ‘पुरावशेष’ ठरते; वाङ्मयीन किंवा ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं पुरतात. त्यातल्या काही प्रकारांची, म्हणजे दगड-धातू-हस्तिदंताची शिल्पं, चित्रं, चित्रमय पोथ्या यांची नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करायची असते. नोंद झाली म्हणून वस्तू सरकारजमा होत नाही, ती तुमच्याकडेच राहते. ही एक भीती गेली तर निम्मं काम होईल. उलट चोरी झाली तर फोटोसह नोंद हाच मालकीचा भक्कम पुरावा.

खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या मुलाला गृहप्रवेशाला आजीचा बाळकृष्ण द्यायचा असेल आणि तो शंभरी ओलांडलेला असेल, तर विमानतळावर अडेल.

गंजिफांचे (हातानं रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचे) संच, चित्रफळ्या अशा कडेच्या वस्तूंबाबत स्वतः निष्कर्ष काढू नका, नोंदणी अधिकाऱ्याला विचारा.

१०. त्याची किंमत सांगाल का? खरं आहे असं प्रमाणपत्र द्याल का?

दोन्ही नाही. सभासदांनी किंमत लावायची नाही, अस्सलपणाचा दाखला द्यायचा नाही, हा आमचा लेखी नियम आहे. अभ्यासक किंमत ठरवू लागला की त्याच्या काळनिर्णयावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. वस्तू साधारण कुठल्या घाटाची, कुठल्या काळाची वाटते, हे मत आम्ही देऊ. तेही वस्तू विक्रीला काढलेली नसेल तरच.

११. बांधावर अक्षरं कोरलेला दगड आहे. वाचून द्याल?

आनंदानं. पण आधी त्याला पांढरा रंग लावू नका. रंगवणारा स्वतःला दिसतं ते अक्षर रंगवतो आणि मग वाचणारा तेच वाचतो. रात्री बॅटरी बाजूनं तिरपी धरून चारही दिशांनी फोटो काढा. ओल्या कागदानं ठसा घेण्याचं काम जाणकारावर सोडा.

दगडावर वर चंद्र-सूर्य आणि खाली गाढव व स्त्री असेल तर लाजून तो झाकू नका. तो गधेगळ : दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्याच्या काळातले असे दगड कोकणात बरेच आहेत. अलिबागजवळच्या अक्षीचा प्रसिद्ध शिलालेख असाच शापवाणीचा आहे. जुन्या मराठीचे अभ्यासक शं. गो. तुळपुळ्यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा वाचला. मराठीचा एवढा जुना लेख वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला पडून होता.

१२. आमचं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं. लेखात हे लिहिलं तर तुम्ही नाकारता, असं ऐकलं.

नाकारत नाही, वेगळ्या परिच्छेदात घ्यायला सांगतो. गावाची आठवण हा गावाविषयीचा पुरावा आहे, बांधकामाच्या काळाविषयीचा नाही. दापोली तालुक्यातलं पन्हाळेकाजी घ्या. कोटजाई नदीकाठी २९ लेणी आहेत. आधी बौद्ध, मग वज्रयानी (तांत्रिक बौद्ध), पुढे शैव, गाणपत्य आणि नाथपंथी, अशी एकाच डोंगरात वस्ती बदलत गेली. पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांड्यांनी ती उलगडली ती तिथे मिळालेल्या ११३९ सालच्या शिलाहार ताम्रपटाचा आणि मूर्तींचा एकमेकांशी ताळा घालून. सगळं पांडवांच्या नावावर टाकलं असतं तर नाथजोग्यांचं श्रेय गेलं असतं.

१३. चित्रकथी आणि गंजिफा ही कला की हस्तकला? तुम्ही विक्रीला मदत करता?

हा भेद कलामहाविद्यालयांनी पाडला, पिंगुळीत तो कुणी विचारत नव्हतं. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत रामायण-महाभारतातल्या कथा गात एकेक चित्र पुढे करतात. एका कथेची चित्रं मिळून एक पोथी. तेच लोक कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्याही नाचवतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बऱ्याच मराठी माणसांना पिंगुळी नकाशावर शोधावी लागली. अभ्यासकांनी एक चूक बरीच वर्षं केली : चित्रं चौकटीत घालून भिंतीवर टांगली आणि गाणं सोडून दिलं. म्हणून आम्ही चित्राची नोंद घेताना त्या पानावर गायची पदंही ध्वनिमुद्रित करतो.

सावंतवाडीची दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० गोल पत्ते. लाखेचा हात दिलेले. सावंतवाडीच्या राजघराण्यानं विसाव्या शतकात राजवाड्यातच कारागीर बसवून ही कला पुन्हा उभी केली. आज संच घेणारे पुष्कळ, खेळता येणारे विरळ. खेळाचे नियम सांगणारं कुणी तुमच्या घरात असेल तर कृपा करून आम्हाला कळवा, तो संच असण्याइतकाच मोठा ठेवा आहे.

विक्रीत आम्ही पडत नाही. कलावंताचा पत्ता हवा असेल तर त्याला विचारून देतो.

१४. पुस्तकात शिल्पाचा फोटो छापायचा आहे. परवानगी लागते का?

तीन गोष्टी वेगळ्या करा : शिल्पावरचा हक्क, फोटोवरचा हक्क आणि वस्तू ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्या अटी.

उदाहरण सासवण्याच्या करमरकरांचं घेऊ. पुण्यातला १९२८ चा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा घडवणारे विनायक पांडुरंग करमरकर १९६७ मध्ये गेले. कलावंताच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षं स्वामित्वहक्क चालतो, म्हणजे २०२७ अखेरपर्यंत. पण स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढणं आणि छापणं हा हक्कभंग नाही. तेव्हा तुम्ही स्वतः काढलेला पुतळ्याचा फोटो चालेल. दुसऱ्यानं काढलेला त्याला न विचारता चालणार नाही. संग्रहालयात कॅमेऱ्याचे नियम ज्याचे त्याचे. हयात चित्रकथी कलावंताचं नवं चित्र ‘लोककला’ म्हणून फुकट उचलता येत नाही, त्यावर त्याचा पूर्ण हक्क आहे.

१५. मुलीला कला-इतिहास शिकायचाय. पुढे नोकरी मिळेल का?

शिक्षणाची सोय कोकणाबाहेर जास्त आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातली ललितकला विद्याशाखा १९५० पासून आहे आणि कला-इतिहासाचा तिथला विभाग नावाजलेला आहे. पुरातत्त्वाच्या अंगानं जायचं तर पुण्याचं डेक्कन कॉलेज. चित्रकला शिकता शिकता इतिहासाकडे वळायचं तर चिपळूणजवळ सावर्ड्याचं कलामहाविद्यालय आहे, मुंबईत १८५७ पासूनचं जे.जे. कलामहाविद्यालय आहे. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेत दृश्यकला या विषयात कला-इतिहास घेता येतो.

नोकऱ्या थोड्या : महाविद्यालय, संग्रहालय, लिलावगृह, संपादन. खरं सांगायचं तर पदवीइतकीच भाषा कामी येते. संस्कृत आणि मोडी हवीच. कोकणावर काम करायचं तर पोर्तुगीज शिकणारा अभ्यासक शोधून सापडत नाही, आणि एकेकाळी पोर्तुगीजांकडे असलेल्या रेवदंडा-कोर्लईच्या चर्चचा, तटबंदीचा अभ्यास त्याच्यावाचून अडून बसलाय.

१६. लेख मराठीत चालेल? निधी मिळेल?

मराठीतच हवा. निधी प्रवासखर्च आणि फोटोंपुरता मिळतो, मानधन नाही. नोंदींची एक प्रत गावाला द्यायची, ही अट आहे.

१७. बारसूच्या वेळी तुम्ही कुठे होतात? प्रकल्पाच्या बाजूनं की विरुद्ध?

२०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हापासून हे विचारलं जातं. सभासदांत दोन्ही बाजूंचे लोक आहेत आणि ते परिषदेत एकमेकांशी मोठ्यानं भांडतात. संघटना म्हणून आम्ही एवढंच मांडतो : कुठल्याही प्रकल्पाच्या, रस्त्याच्या किंवा चिरेखाणीच्या आराखड्यात कातळशिल्पांची जागा नकाशावर आधी दाखवावी, भोवती मोकळी जागा सोडावी, आणि हे काम कागदावर न उरकता सड्यावर फिरून करावं. गाजलेल्या प्रकल्पावर सगळ्यांची नजर असते. चिरेखाणीवर नसते, आणि तिला एक चित्र संपवायला यंत्राचा एक दिवस पुरतो.

१८. नोंद घ्यायला गेलो, आणि गावानं गाभाऱ्याचा फोटो काढू दिला नाही. मग?

मग काढू नये. गुरवाला विचारून बाहेरून मापं घ्यावीत, मूर्तीचं वर्णन त्याच्याच तोंडून लिहून घ्यावं आणि नोंदीत ‘फोटोला गावाची संमती नाही’ असं स्पष्ट लिहावं. चोरट्यांच्या भीतीनं कुणी गावाचं नाव छापू नका म्हटलं तर तालुक्यापर्यंतच लिहितो आणि पूर्ण नोंद कुलपात ठेवतो. चोरून काढलेला फोटो आमच्याकडे आला तर तो परत जातो, मग मूर्ती कितीही दुर्मीळ असो. त्या गावात पुढच्या वेळी दुसरा सभासद जाणार असतो.